वाचकांचे प्रश्न : जुनी पिकअप चढाला का दमते?

प्रश्न : माझ्याकडे २०१७ साली घेतलेली बीएस-४, अडीच लिटर कॉमन रेल डिझेल इंजिनाची पिकअप आहे. गाडी अडीच लाख किलोमीटरच्या पुढे चालली आहे. बेळगावहून भाजी भरून जांबोटी, कणकुंबी, चोर्लामार्गे गोव्यात उतरवायची आणि परतीला भाडे मिळाले तर नारळ, नाही मिळाले तर मोकळे क्रेट घेऊन यायचे, हा माझा धंदा आहे. गेल्या वर्षभरात केरीपासून घाट चढताना गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. मोकळी असतानाही जिथे तिसऱ्या गिअरवर सहज जात असे, तिथे दुसरा टाकावा लागतो. रेस पूर्ण दाबली की काळा धूर येतो आणि ॲव्हरेजही उतरले आहे. एका गॅरेजमध्ये चिप बसवून ताकद वाढवण्याचा सल्ला मिळाला. दुसऱ्या ठिकाणी ईजीआर बंद करून सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील प्रदूषण कमी करणारा डबा) कापून टाका, असे सांगितले. यांपैकी काय करावे? (एक वाहनमालक, ता. खानापूर)

उत्तर : तूर्त दोन्हींपैकी काहीही करू नये. आपल्याला वाढीव ताकद हवी आहे असे आपण समजता. पत्रावरून मात्र इंजिनात मुळात असलेलीच ताकद कुठेतरी वाया जात असल्याचे दिसते. आपला भाजी भरलेला प्रवास पठारावरून कोकणाकडे उतरणीचा आहे, त्यामुळे भाजी असताना इंजिनाची खरी परीक्षा होतच नाही. ती होते परतीच्या चढणीला, आणि तेथे हौदा मोकळा असूनही गाडी दुसऱ्या गिअरवर येते. याचा अर्थ तूट थोडीथोडकी नाही. अशा इंजिनावर चिप बसवली तर महिना-दोन महिने बरे वाटेल आणि मूळ दोष वाढत राहील.

काळा धूर हा या तपासातील पहिला साक्षीदार आहे. डिझेल इंजिनात जेवढी हवा शिरते तेवढ्याच प्रमाणात डिझेल नीट जळते; हवा कमी पडली किंवा डिझेल नीट फवारले गेले नाही, तर न जळलेला कार्बन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो. निळसर धूर असता तर ऑइल जळत असल्याचा संशय घेतला असता, आणि गरम इंजिनातही पांढरा धूर राहिला असता तर न पेटलेले डिझेल किंवा कूलंट यांच्याकडे वळलो असतो. काळा धूर, उतरलेले ॲव्हरेज आणि चढणीला दम तुटणे ही तीन लक्षणे एकत्र आली की तपास हवेच्या वाटेपासून सुरू करावा. त्यात पैसेही सर्वांत कमी लागतात, म्हणूनच की काय, बरेच जण तो सर्वांत शेवटी करतात.

पण त्याआधी एक मोजमाप करून ठेवावे. घाटातील एक ठरावीक चढ निवडावा, गाडी मोकळी ठेवावी, पायथ्याशी ठरावीक वेग आणि ठरावीक गिअर ठेवून वरच्या खुणेपर्यंत किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्या माणसाने मोबाइलवर पाहावे. रहदारी नसलेली वेळ निवडावी आणि वेगमर्यादा ओलांडू नये, हे वेगळे सांगायला नको. प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच चढावर तोच प्रयोग केला म्हणजे कोणत्या खर्चाने खरोखर फरक पडला हे कळते. मेस्त्रींनी गाडी दिली आणि 'आता बघा कशी उठते' म्हटले की आपल्यालाही ती उठल्यासारखी वाटते. घड्याळाला तसे वाटत नाही.

आता हवेची वाट. एअर फिल्टर बाहेर काढून उन्हात धरावा आणि कागदाच्या घड्यांतून उजेड कितपत येतो ते पाहावे. खानापूर, जांबोटी भागातील तांबड्या मातीची धूळ फार बारीक असते आणि पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढे हवेत इतका ओलावा असतो की ही धूळ कागदावर लेपासारखी बसते. फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा जोरात मारून तो साफ करण्याची आपल्याकडे सवय आहे. तसे केल्याने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात आणि तीच माती टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या चक्रीच्या) पात्यांवर व पुढे लाइनरवर (सिलिंडरच्या अस्तरावर) जाते. मारायचीच असेल तर हवा कमी दाबाने आणि आतल्या बाजूने बाहेर मारावी. पण फिल्टरची किंमत पाहता तो बदलणेच शहाणपणाचे. फिल्टरच्या डब्याचा तळ, झाकणाचे रबर आणि हवा ओढणाऱ्या नळीचे तोंडही पाहावे. तोंडात पालापाचोळा किंवा उंदराने आणलेल्या चिंध्या सापडणे नवलाचे नाही.

यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि इंटरकूलरपासून इंजिनापर्यंत जाणारे जाड रबरी होज पाइप. माझ्या मते आपल्या गाडीएवढ्या वयाच्या आणि तशाच कामाच्या गाड्यांत सर्वाधिक ताकद येथेच हरवते. हा पाइप बहुधा क्लिपच्या खालीच चिरतो. इंजिन बंद असताना किंवा नुसते सुरू असताना ती चीर मिटलेली असते, म्हणून वरवर पाहून काही दिसत नाही. चढणीला टर्बोचा दाब वाढला की ती उघडते आणि मोजून घेतलेली हवा बाहेर जाते. ईसीयू (इंजिनाचा संगणक) मात्र ती हवा आत गेली असे समजून डिझेल सोडत राहतो आणि काळा धूर येतो. ओळखण्याची खूण अशी की पाइपच्या जोडाजवळ तेलकट काळा ओघळ असतो आणि त्यावर धूळ चिकटलेली असते. क्लिप सैल करून, पाइप काढून, बोटांनी वाकवून सर्व बाजूंनी पाहावा. चांगले गॅरेज असेल तर ही वाट दोन्ही बाजूंनी बंद करून कमी दाबाची हवा भरतात आणि जोडांवर साबणाचे पाणी लावतात. जेथे बुडबुडे येतात तेथे गळती. इंटरकूलरच्या जाळीत माती आणि किडे अडकले असतील तर पाण्याने हलक्या हाताने धुवावे. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर तिच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात.

पाइप धड असतील आणि तरीही दाब येत नसेल, तर टर्बोकडे वळावे. पण टर्बो बदला असे कोणी म्हणाले तरी लगेच मान डोलावू नये. अनेक गाड्यांत टर्बोचा ॲक्च्युएटर (त्याचा दाब कमीजास्त करणारा भाग) व्हॅक्यूमवर चालतो आणि तेथे जाणारी बोटाएवढीही जाड नसलेली रबरी नळी कडक होऊन तडकते. हाताने चालवायच्या व्हॅक्यूम पंपाने ॲक्च्युएटरची दांडी पूर्ण आणि न अडखळता सरकते का, हे पाहायला फार वेळ लागत नाही. टर्बो बदलण्याआधी ही तपासणी झाली आहे का, असे मालकाने स्पष्ट विचारावे. टर्बोची चक्री हाताने फिरवून पाहताना ती बाहेरच्या कवचाला घासत असेल किंवा तेलाने ओली असेल, तर मग खर्च अटळ आहे.

स्कॅनर लावणार असाल तर एक सोपी कसोटी सांगतो. इंजिन सुरू न करता केवळ चावी फिरवून हवेच्या दाबाचा सेन्सर काय आकडा दाखवतो ते पाहावे. समुद्रसपाटीला हा आकडा १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने येथे तो ९२-९३ च्या जवळपास दिसायला हवा. गोव्यात उतरल्यावर तो वाढला पाहिजे. बेळगावात उभ्या गाडीत तो ८० किंवा ११० दाखवत असेल तर सेन्सरच खोटे बोलत आहे आणि त्या खोट्या माहितीवर ईसीयू डिझेल ठरवत आहे. मग घाटात पूर्ण रेसवर हाच आकडा किती चढतो ते शेजाऱ्याने पाहावे आणि आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडावे. हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढे असतो, त्यावर धुळीचा थर बसतो. तो त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेनेच साफ करावा, कार्ब्युरेटर क्लीनरने नव्हे, आणि त्याच्या बारीक तारेला कापूस किंवा बोट लावू नये.

ईजीआरविषयी आपणास मिळालेला सल्ला अर्धा बरोबर आणि अर्धा घातक आहे. ईजीआर झडप जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडते, त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे कमी तयार होतात. काजळी साचून ती झडप अर्धवट उघडी अडकली, की पूर्ण रेसवरही ताज्या हवेच्या जागी धूर शिरतो आणि आपल्या पत्रातील तिन्ही लक्षणे दिसतात. म्हणजे संशय योग्य आहे. उपाय मात्र ती काढून साफ करणे किंवा खराब असल्यास बदलणे हा आहे. मॅनिफोल्डमध्येही (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांतही) डांबरासारखा थर सापडेल, तोही त्याच वेळी खरवडून घ्यावा. पत्रा लावून झडप बंद केली तर प्रदूषणाचा नियम मोडतोच, शिवाय पुष्कळ गाड्यांत ईसीयू ही गोष्ट ओळखतो, दिवा लावतो आणि डिझेल कमी करून गाडी अर्ध्या ताकदीवर आणतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापण्याने अशा इंजिनात जाणवण्याजोगी ताकद मिळत नाही. तो चोंदला असेल तरच अडथळा करतो, आणि तसा संशय असेल तर त्याच्या आधीचा एक्झॉस्टचा दाब मोजता येतो. चोंदलेला निघाला तर बदलावा, आणि एवढी काजळी किंवा ऑइल त्याच्यापर्यंत कशामुळे आले हे शोधावे.

हवेची वाट स्वच्छ करूनही चढाचे सेकंद कमी झाले नाहीत, तर डिझेलच्या वाटेला लागावे. डिझेल फिल्टर बदलावा आणि त्याच्या तळाशी साचलेले पाणी काढावे. आपल्या मार्गावरील पावसात हे काम पुस्तिकेत लिहिले आहे त्याहून लवकर करावे लागते. टाकीपासून येणाऱ्या नळीत हवेचे बुडबुडे येतात का, हे पाहण्यासाठी मेस्त्री तात्पुरती पारदर्शक नळी जोडतात. त्यानंतर स्कॅनरवर दोन आकडे शेजारी ठेवावेत : ईसीयूने मागितलेला रेलचा (डिझेल फवारणाऱ्या सर्व नोझलना पुरवठा करणाऱ्या नळीचा) दाब आणि प्रत्यक्षात मिळालेला दाब. गरम इंजिन नुसते सुरू असताना तो साधारण तीनशे बारच्या आसपास असतो आणि पूर्ण रेसवर या पिढीच्या इंजिनांत हजार बारच्या बराच वर जातो. चढणीला मागणी आणि पुरवठा यांत मोठे अंतर पडत असेल तर चोंदलेला फिल्टर, थकलेला पंप, दाब नियंत्रित करणारी झडप किंवा गळका नोझल यांपैकी एक दोषी असतो.

कोणता नोझल गळका आहे हे शोधण्याची पद्धत मोठी पाहण्यासारखी आहे. मेस्त्री चारही नोझलच्या परतीच्या तोट्यांना सलाइनच्या नळ्या लावतात, त्यांची टोके चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवतात. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारख्या पातळीला आले तर ठीक. तीन बाटल्यांत तळाशी बोटभर आणि चौथीत अर्ध्यापर्यंत डिझेल चढले असेल, तर रेलमधला दाब त्या चौथ्या नोझलमधून परतीच्या वाटेने निसटतो आहे. ही तपासणी आपण समोर उभे राहून पाहू शकता आणि कोणाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. मग नोझल काढून टेस्ट बेंच असलेल्या पंप-नोझलच्या दुकानात द्यावेत. बेळगाव, कोल्हापूर आणि हुबळी येथे अशी दुकाने आहेत. नवा नोझल बसवला तर अनेक इंजिनांत त्याच्यावर कोरलेला क्रमांक ईसीयूमध्ये भरावा लागतो. तो न भरता गाडी सुरू होते, चालतेही, पण इंजिन खडखडते आणि धूर राहतो. मग नोझलच खोटा होता असे समजून पुन्हा खर्च होतो.

येथे एक इशारा. इंजिन चालू असताना रेलची नळी सैल करून 'कोणता सिलिंडर मारत नाही' हे पाहण्याची जुनी पद्धत पूर्वीच्या पंपांना चालत असे. कॉमन रेलमध्ये तसे कधीही करू नये आणि कोणाला करूही देऊ नये. या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडीत शिरते. बाहेर सुईच्या टोकाएवढी खूण दिसते आणि आत बोट किंवा हात सडू शकतो. असे झाल्यास दुखत नसले तरी तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे लागते.

इंजिनाच्या अंतर्भागाविषयी थोडेच लिहितो, कारण अडीच लाख किलोमीटर म्हणजे इंजिन संपले असे नव्हे. ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर आतून जोरात धूर फुसफुसत असेल तर कॉम्प्रेशन तपासावे. टॅपेट हाताने सेट करण्याचे असतील तर ते पाहावेत. बाकी हेड उतरवण्याची घाई करू नये.

इंजिनाबाहेर मात्र तीन गोष्टी पाहाव्यात, कारण त्या इंजिनाच्या नावावर खपतात. चढणीला आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरत आहे. सपाट रस्त्यावर काही किलोमीटर जाऊन, ब्रेक फारसा न वापरता थांबल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले असेल, तर ब्रेक धरून बसला आहे. आणि मागच्या चाकांना मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले असतील, तर प्रत्येक गिअर लांबतो आणि चढणीला इंजिन त्याच्या सोयीच्या फेऱ्यांत राहत नाही. हौद्याला वाढवलेल्या लोखंडी फळ्या आणि जादा पाटे यांचेही वजन मोकळ्या गाडीला रोज वाहावे लागते. त्या वाढीव फळ्यांपर्यंत माल भरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला वीस हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड आहे.

राहिला चिपचा प्रश्न. बाजारात जी डबी चिप म्हणून मिळते ती बहुधा रेलच्या दाबाच्या सेन्सरच्या मध्ये बसते आणि प्रत्यक्षात आहे त्याहून दाब कमी असल्याचे ईसीयूला कळवते. ईसीयू मग दाब वाढवतो, नोझलमधून जास्त डिझेल जाते आणि गाडी उठते. म्हणजेच ज्या पंपाने आणि नोझलांनी अडीच लाख किलोमीटर काढले आहेत त्यांच्यावरच आपण अधिक दाब टाकतो, तोही ईसीयूला अंधारात ठेवून. हवा तेवढीच राहिल्याने धूर वाढतो, एक्झॉस्टचे तापमान वाढते आणि लांब चढणीवर त्याचा मार टर्बो, पिस्टन व हेड गॅस्केटवर बसतो. ईसीयूमधील प्रोग्रॅम बदलणे हे तांत्रिकदृष्ट्या यापेक्षा बरे, कारण त्यात हवा, डिझेल आणि टर्बो यांचा मेळ घालता येतो; पण त्यासाठी डायनामोमीटर (इंजिनाची ताकद मोजणारे यंत्र) आणि त्या इंजिनाची खरी जाण असलेला माणूस लागतो. एकच तयार फाइल सर्व गाड्यांत भरणाऱ्याकडे जाऊ नये.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरले आहे. कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आपली गाडी रोज राज्याची हद्द ओलांडते, तपासणी नाक्यावर थांबते आणि तिच्यावरच आपले घर चालते. अपघात झालाच तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला त्या डबीत आयते निमित्त मिळेल.

दुरुस्ती झाल्यावर चालवण्याची एक गोष्ट. अशा टर्बो इंजिनाची ओढ साधारण मिनिटाला दीड हजार ते अडीच हजार फेऱ्यांत (आरपीएम) असते. वळणावर वेग पडल्यानंतर, इंजिन गुदमरू लागल्यानंतर गिअर उतरवण्याऐवजी वळणाच्या आधीच उतरवावा. कमी फेऱ्यांवर पूर्ण रेस दाबून धरली तर काजळीच तयार होते आणि ती पुन्हा ईजीआरमध्ये जाऊन बसते. चोर्ल्याच्या माथ्यावर चहासाठी थांबताना इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर तसेच चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोतील ऑइल जागच्या जागी जळत नाही.

प्रश्न : माझी छोटी मालवाहू गाडी पेट्रोल इंजेक्शनची, टर्बो नसलेली आणि बारा वर्षे जुनी आहे. तळकोकणात ती चांगली पळते, पण निपाणी-बेळगाव बाजूला आणि विशेषतः तवंदी घाटात मंद वाटते. हा भास आहे का? तिला सीएनजी बसवावा का? आणि पेट्रोलमधील इथेनॉलचा त्रास होतो हे खरे का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : भास नाही. टर्बो नसलेले इंजिन बाहेरच्या हवेच्या दाबावरच श्वास घेते. समुद्रकाठच्या तुलनेत बेळगावच्या उंचीवर हवा सात-आठ टक्के विरळ असते आणि ताकदही जवळपास त्याच प्रमाणात उतरते. इंजेक्शनचा ईसीयू पेट्रोल कमी करून मिश्रण बरोबर ठेवतो, म्हणून धूर किंवा झटके येत नाहीत. पण नसलेली हवा तो आणणार कुठून? आपल्या कागदावरील अश्वशक्ती समुद्रसपाटीजवळची आहे असे समजून चालावे.

सीएनजीवर ताकद आणखी सुमारे दहा टक्के कमी होते, कारण गॅस सिलिंडरमध्ये हवेचीच जागा घेतो, आणि टाकीचे वजन वेगळे. किलोमीटर भरपूर असतील आणि रस्ता सपाट असेल तर सीएनजी परवडतो. तवंदी घाट हीच आपली तक्रार असेल तर परवडणार नाही. त्याऐवजी थ्रॉटल बॉडीतील काळा थर साफ करावा, स्पार्क प्लग आणि कॉइल पाहावेत आणि ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज स्कॅनरवर बघावा. गरम इंजिनात तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा वरखाली होत राहिला पाहिजे. एकाच आकड्यावर बसून राहत असेल किंवा फार सावकाश हलत असेल तर तपासणी तेथूनच सुरू करावी. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर पुष्कळ गाड्यांत आयडलची नोंद स्कॅनरने पुन्हा शिकवावी लागते, हे मेस्त्रींना आठवण करून द्यावे.

इथेनॉलविषयी : त्याच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे दहा टक्के मिश्रणाऐवजी वीस टक्के मिश्रण आले की ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी घटणे स्वाभाविक आहे. आपल्या भागातील उसाचा पैसा त्यातून फिरतो, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्नच आहे. बारा वर्षांच्या गाडीत खरी काळजी रबरी नळ्यांची आणि टाकीतल्या गंजाची करावी. इथेनॉल जुना गाळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येतो. एकदा फिल्टर बदलून, नळ्या पाहून घ्याव्यात. टाकी फार दिवस अर्धी ठेवू नये, कारण इथेनॉल पाणी धरते.

प्रश्न : पंपावर मिळणाऱ्या डिझेल ॲडिटिव्हच्या बाटलीने ताकद वाढते का? आणि गाडी जुनी झाल्यावर जाड ऑइल घालावे असे म्हणतात, ते योग्य का? (एक वाचक, अथणी)

उत्तर : नोझलवर थोडा थर असेल तर चांगल्या ॲडिटिव्हने तो काही प्रमाणात निघतो. झिजलेला नोझल त्याने भरून येत नाही. बीएस-६ डिझेलची सीटेन संख्या (डिझेल किती चटकन पेटते याचे माप) किमान ५१ असते आणि गंधक अगदी कमी. जुन्या इंजिनाला तेवढे पुरते. बाटलीऐवजी तेच पैसे डिझेल फिल्टरला द्यावेत. पंपाचा विचार दरापेक्षा विक्रीवर करावा : सीमेच्या ज्या बाजूला दर दोन रुपये कमी त्या बाजूला टाकी भरण्याची आपली सवय समजण्यासारखी आहे, पण भरपूर खप असलेल्या पंपाच्या टाकीत पाणी आणि गाळ साचायला वाव कमी असतो.

जाड ऑइलचा सल्ला सरसकट पाळू नये. पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० असेल तर तेच घालावे आणि ते वेळेवर बदलावे. फार जाड ऑइल थंड इंजिनात टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचते आणि इंजिन ते ढवळण्यातच थोडी ताकद घालवते. ऑइल जळते म्हणून जाड घालणे आणि ताकद वाढावी म्हणून जाड घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला काही आधार नाही.

प्रश्न : पिकअपला मोठ्या आवाजाचा मोकळा सायलेन्सर बसवल्यास चढणीला फरक पडेल का? (एक वाचक, हुक्केरी)

उत्तर : टर्बो डिझेलमध्ये पुष्कळसा आवाज टर्बोच शोषून घेतो आणि मूळ सायलेन्सरचा अडथळाही फार नसतो, म्हणून चढणीला जाणवेल असा फरक पडत नाही. मूळ पाइप कुठे चेपला आहे का ते पाहावे. दगडावर आपटून मधला पाइप आत दबलेला असेल तर तो तेवढा बदलून घ्यावा. पाच-सहाशे रुपयांच्या वेल्डिंगमध्ये ते काम होण्यासारखे आहे.